पंचविसाव्या कलमांतील एक प्रक्षिप्त शब्द

बखरीची नवी प्रत हातीं आली म्हणजे तिचें गुणवर्णन करीत बसण्याचा आमचा प्रघात नाहीं. मूळ लेखकाचे शब्द कोणते, नक्कलकाराचे कोणते, आणि समासांतील कोणती टीप केव्हां ओळींत शिरली, हें आम्ही आधीं ठरवितों व मग अर्थाकडे वळतों. ही शिस्त जुन्या पोथ्यांपुरतीच आहे असें मानण्याचें कारण नाहीं. गेल्या पाऊणशें वर्षांत या देशांतील कोट्यवधि माणसांच्या उपासनेवर, वेषावर आणि देवळाच्या उंबरठ्यावर ज्या एका संहितेनें अंमल चालविला, त्या भारतीय राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमास ती लावून पाहण्याचा आमचा विचार आहे. विषय फार अर्वाचीन आहे अशी तक्रार कांहीं वाचक करतील. त्यांस आमचें उत्तर इतकेंच कीं, ज्याचे कच्चे खर्डे, त्यांवरील वाद, दुरुस्त्या आणि शेवटची सहीची प्रत तारीखवार पाहावयास मिळते असा दुसरा ग्रंथ आमच्या हातांखालून गेलेला नाहीं. इतक्या उजेडांतहि जर प्रक्षेप होऊं शकतो, तर दोन-तीनशें वर्षांपूर्वीच्या एखाद्या कारकुनास दोष देतांना आम्ही यापुढें जरा जपून बोलावें हें बरें.

सहीची प्रत संग्राहकांच्या परिचयाची आहे. प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनीं ती हातानें लिहिली, नंदलाल बोस व त्यांच्या शिष्यांनीं ती चित्रांनीं सजविली, आणि २४ जानेवारी १९५० रोजीं सभासदांनीं तीवर सह्या केल्या. निवडणुकीच्या भागावर शिवछत्रपति व गुरु गोविंदसिंह यांचीं चित्रें आहेत, म्हणून तें पान आमच्याकडील लोक कौतुकानें उलटतात. चित्रांकडे लक्ष लवकर जातें. अक्षरांकडे त्या मानानें उशिरा.

कलम २५ चा आशय असा. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या भागांतील इतर तरतुदी यांच्या मर्यादेंत राहून सर्व व्यक्तींस विवेकबुद्धीचें स्वातंत्र्य आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क सारखाच आहे. दुसऱ्या पोटकलमांत सरकारास मोकळीक ठेविली आहे: धर्माचरणास चिकटलेल्या आर्थिक, राजकीय वा अन्य लौकिक व्यवहारांवर सरकारास नियमन घालतां येईल, तसेंच समाजकल्याण व समाजसुधारणा यांसाठीं, आणि सार्वजनिक स्वरूपाचीं हिंदु देवस्थानें सर्व वर्गांच्या हिंदूंस खुलीं करण्यासाठीं कायदा करतां येईल. कलम २६ संप्रदायांसाठीं आहे. धर्माच्या बाबींत आपला कारभार आपण पाहण्याचा हक्क त्यांत दिला आहे. या दोन्ही कलमांत अमुक प्रथा धर्मास ‘आवश्यक’ आहे कीं नाहीं असा प्रश्न कोठेंहि विचारलेला नाहीं. आवश्यक तेवढ्याच प्रथांस संरक्षण आहे असें म्हटलेलें नाहीं, आणि ती निवड न्यायालयानें करावी असेंहि म्हटलेलें नाहीं. तथापि १९५४ नंतर धर्मस्वातंत्र्याचे मोठमोठे दावे याच एका शब्दावर लढले गेले. तो आला कोठून, हा आमचा प्रश्न आहे.

खर्ड्यांत तो सांपडत नाहीं. बी. शिवराव यांनीं संपादिलेल्या घटनानिर्मितीच्या साधनसंग्रहांत मूलभूत हक्क उपसमितीचे कागद आहेत. त्यांत मार्च १९४७ मध्यें राजकुमारी अमृत कौर यांनीं बेनेगल नरसिंग राव यांस लिहिलेलें पत्र जिज्ञासूंनीं अवश्य पाहावें. धर्म आचरण्याचा हक्क मोकळा सोडला तर सतीबंदी, विधवाविवाह, बालविवाहप्रतिबंध यांविषयींचे होऊन गेलेले कायदेहि धोक्यांत येतील आणि पुढील सुधारणेची वाट बंद होईल, अशी त्यांची हरकत होती. पडदा, मुली देवास वाहण्याची चाल, जातींचीं बंधनें हीं त्यांच्या डोळ्यांपुढें होतीं. समाजसुधारणेविषयींची मोकळीक कलमांत आली ती या हरकतीमुळें. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, घटनाकारांनीं या भीतीवरील औषध धर्माच्या व्याख्येंत शोधलें नाहीं. देवदासीची चाल हा खरा धर्मच नव्हे असें कोणाकडून वदवून घेण्याची त्यांस गरज वाटली नाहीं. ती चाल धर्म असो वा नसो, ती बंद करणारा कायदा करतां येईल, एवढेंच त्यांनीं लिहून ठेविलें.

शब्दाचा पहिला पुसट माग लागतो तो २ डिसेंबर १९४८ च्या चर्चेंत. व्यक्तिगत कायद्यास हात लागूं नये अशी दुरुस्ती सभेपुढें होती. तीस उत्तर देतांना डॉ. आंबेडकरांनीं सांगितलें कीं, या देशांत धर्माची कल्पना जन्मापासून मृत्यूपर्यंत सर्व आयुष्य व्यापून बसली आहे. यापुढें ती आवरून श्रद्धा आणि स्वरूपतःच धार्मिक असे विधि एवढ्यापुरती ठेवण्याचा प्रयत्न झाला पाहिजे. वारसा किंवा कुळवहिवाट यांचे कायदे धर्मानेंच कां ठरवावे, असा त्यांचा सवाल होता. म्हणजे रेघ ओढावयाची ती धर्म आणि धर्माबाहेरचा व्यवहार यांच्यामध्यें. धर्माच्या आंत शिरून हा विधि मोलाचा, तो फुटकळ, अशी दुसरी रेघ ओढण्याची सूचना त्या भाषणांत नाहीं. परंतु ‘स्वरूपतः धार्मिक’ आणि ‘धर्मास आवश्यक’ हे दोन प्रयोग इंग्रजींत एकाच शब्दापासून निघतात. तो वाक्यांत एक घर पुढें सरकला कीं अर्थ बदलतो, आणि ऐकणाऱ्याच्या कानास फरक कळत नाहीं. पाठभेद पुष्कळदां अशाच जोड्यांतून जन्मतात हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

शब्द घर सरकला तो १९५४ सालीं, उडुपीच्या अष्टमठांपैकीं शिरूर मठाच्या खटल्यांत. मद्रास सरकारच्या १९५१ च्या कायद्यानें मठांच्या कारभारावर सरकारी आयुक्ताची देखरेख बसविली होती. महान्यायवाद्यांनीं असा युक्तिवाद केला कीं, जो लौकिक व्यवहार धर्माशीं निगडित असूनहि त्याचा आवश्यक भाग नसेल, त्यावर सरकारास नियमन घालतां येतें. न्या. बिजनकुमार मुखर्जी यांनीं इतका व्यापक दावा मान्य केला नाहीं. धर्माचा आवश्यक भाग कोणता हें मुख्यत्वें त्या धर्माच्याच सिद्धांतांवरून ठरवावें लागेल, असें त्यांनीं लिहिलें. नैवेद्याच्या वेळा, ग्रंथांचे पाठ, अग्नींतील आहुति यांनाहि त्यांनीं धर्मांत जागा दिली. निकाल मठाकडे झुकणारा आहे आणि आम्हांस तो पटतो. मात्र शब्दाचा प्रवास पाहावा. तो एका पक्षाच्या तोंडचा होता. न्यायालयानें खोडण्यासाठीं म्हणून उचलला. युक्तिवाद खोडला गेला आणि शब्द मात्र पानावर राहिला. ही समासांतील टीप होय. ती अजून ओळींत गेली नव्हती.

चारच वर्षांनीं, १९५८ मध्यें, मोहम्मद हनीफ कुरेशी यांच्या खटल्यांत ती ओळींत शिरूं लागली. बिहार, उत्तर प्रदेश व मध्य प्रदेश येथील गोवधबंदीच्या कायद्यांना खाटीक लोकांनीं आव्हान दिलें होतें. बकरी ईदेस गाईची कुर्बानी ही आपल्या धर्माची बाब आहे असें त्यांचें एक म्हणणें होतें. ते कायदे असावे कीं नसावे हा आमचा येथील विषय नाहीं. आमचा विषय पुराव्याचा आहे. इस्लामी शास्त्र जाणणाऱ्या कोणाचीहि साक्ष आपल्यापुढें नाहीं असें न्यायालय प्रथम सांगतें, आणि मग स्वतःच हिदाया उघडतें. कोणता हिदाया? मर्घिनानीचा ग्रंथ बाराव्या शतकांतला आणि अरबी. त्याचें अठराव्या शतकांत फारसी झालें. त्या फारसीवरून चार्ल्स हॅमिल्टन यानें १७९१ मध्यें इंग्रजी प्रसिद्ध केलें. त्या इंग्रजी पानावर एका माणसामागें बकरी, किंवा सातांमागें गाय अथवा उंट, असा पर्याय आढळला. पर्याय आहे त्याअर्थीं सक्ति नाहीं, सक्ति नाहीं त्याअर्थीं बाब आवश्यक नाहीं, असें अनुमान निघालें. तिसऱ्या हाताच्या प्रतीवरून एवढा मोठा निष्कर्ष आमच्या सभेंत कोणी वाचून दाखविला असता तर त्यास मूळ प्रत घेऊन या असें सांगून खालीं बसविलें असतें.

एवढ्यावर तें थांबलें नाहीं. बाबरानें कुर्बानीसाठीं गोवध करण्यास मनाई केली व हुमायुनास तोच उपदेश केला, ही गोष्ट भारताच्या सर्वज्ञात इतिहासांतली म्हणून निकालांत आली आहे. ज्या कागदाच्या आधारें ही गोष्ट सांगितली जाते तो भोपाळच्या संग्रहांतील बाबराच्या नांवाचा फारसी वसियतनामा होय, आणि त्याच्या अस्सलपणाविषयीं जाणत्या अभ्यासकांनीं गंभीर शंका घेतल्या आहेत. निकालपत्रांत त्या कागदाची पारख नाहीं. कागद खरा ठरला तरी, सोळाव्या शतकांतील बादशाहानें राजनीति म्हणून दिलेला सल्ला आणि विसाव्या शतकांतील एका कसायाच्या अंतःकरणांतील श्रद्धा यांचा कोणता संबंध? त्या कसायास गाय कापावयास न मिळण्याचें कारण कायदेमंडळाचा अधिकार हें असेल तर तें त्यास कळतें. तुझा धर्म तुला नीट ठाऊक नाहीं, हें कारण सांगितलें तर तो काय समजेल?

टीप पुरती संहितेंत बसली ती १९६१ सालीं, अजमेरच्या दर्ग्याच्या खटल्यांत. न्या. प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर हे साताऱ्याच्या संस्कृत पंडितांच्या घराण्यांतले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकलेले. त्यांच्या निकालपत्राचा इतिहासाचा भाग कोणत्याहि संशोधन त्रैमासिकास शोभेल. ख्वाजासाहेबांच्या दर्ग्याच्या मिळकतीचा कारभार मोगल काळापासून कोणाच्या हातीं होता, मुतवल्ली कोण नेमीत असे, हें त्यांनीं क्रमानें तपासलें आणि तो कारभार संप्रदायाच्या हातीं कधींच नव्हता असें दाखविलें. येथें खटला संपत होता. परंतु त्यांनीं जातां जातां एक इशारा जोडला: धार्मिक म्हणविणाऱ्या कांहीं प्रथा निव्वळ खुळ्या समजुतींतून निघालेल्या असतात, त्या धर्मावर बाहेरून चढलेलीं अनावश्यक पुटें असूं शकतात, म्हणून संरक्षणाचा दावा काळजीपूर्वक पारखला पाहिजे. १९५४ चा दंडक धर्माच्या स्वतःच्या सिद्धांतांचा होता. आतां कसोटीवर न्यायाधीशाचा हात पडला. गंमत अशी कीं पुटें खरवडण्याच्या उत्साहांत कलमावरच एक नवें पूट चढलें.

या कसोटीचीं फळें पुढें कशीं आलीं याचा एकच नमुना देतों. आनंदमार्ग पंथ १९५५ सालीं स्थापन झाला व त्यांतील तांडव नृत्य १९६६ पासून सुरू झालें. त्याअर्थीं तें पंथास आवश्यक नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८३ मध्यें ठरविलें. जुनें तेवढें खरें हा आम्हां पुराणवस्तुप्रेमींचा जुना दोष. तो न्यायासनावर दिसला तेव्हां आम्हांस आपलाच चेहरा आरशांत पाहिल्यासारखें झालें.

कोणी म्हणेल, शब्द प्रक्षिप्त असला तरी त्यानें कोणाचें काय बिघडलें? बिघडलें तें १९६२ च्या बोहरा खटल्यांत पाहावें. मुंबई कायदेमंडळानें १९४९ सालीं जातबहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनीं त्यास आव्हान दिलें. बहिष्काराचा अधिकार पंथाच्या अस्तित्वास आवश्यक आहे असें ठरून चार विरुद्ध एक मतानें तो कायदा रद्द झाला. मुख्य न्यायमूर्ति भुवनेश्वरप्रसाद सिन्हा यांचें भिन्नमत एकट्याचें आहे, परंतु कलमाची मूळ अक्षरें त्यांच्याच बाजूनें बोलतात. बहिष्कृत माणसास त्याच्या समाजांत अस्पृश्य करून टाकलें जातें आणि हा कायदा त्याची मनुष्य म्हणून असलेली प्रतिष्ठा राखतो, असें त्यांनीं लिहिलें. म्हणजे आवश्यकतेची कसोटी दोन्ही बाजूंनीं कापते: एकदां ती कसायाची श्रद्धा धर्माबाहेर ढकलते, आणि दुसऱ्यांदा मशिदींतून व दफनभूमींतून हांकलल्या गेलेल्या माणसापुढें धर्मगुरूच्या अधिकाराची भिंत उभी करते. दोन्ही ठिकाणीं ‘सर्व व्यक्ति’ हे शब्द दृष्टीआड होतात.

ग्रामण्याचे कागद ज्यांनीं चाळले आहेत त्यांस याचा अर्थ अधिक समजावून सांगण्याची गरज नाहीं. पंगत बंद, सोयरीक बंद, प्रेताला खांदा मिळण्याची भ्रांत, आणि तोडगा म्हणून प्रायश्चित्त व शुद्धिपत्र. पेशवाईंत निदान सरकारांत दाद मागण्याची वाट होती. कंपनी सरकारच्या १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशननें, त्याच्या एकविसाव्या कलमान्वयें, जातीच्या तंट्यांत दिवाणी न्यायालयांनीं पडूं नये असें ठरलें आणि ती वाटहि अरुंद झाली. १९४९ चा कायदा हें त्या वाटेचें पुन्हां उघडणें होतें. महाराष्ट्रानें २०१६ सालीं सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला व तो २०१७ मध्यें अमलांत आला. आणि १९६२ च्या निकालाचा फेरविचार करण्याचा प्रश्न फेब्रुवारी २०२३ मध्यें पांच न्यायमूर्तींच्या पीठानें नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोंपविला.

न्यायालयाच्या बाजूचा बळकट मुद्दा झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. १९६३ च्या नाथद्वाऱ्याच्या खटल्यांत न्या. गजेंद्रगडकरांनीं विचारलें कीं, समाजाच्या सांगण्यावर निर्णय सोंपवावयाचा म्हटलें, तर समाजांतच दोन तट असले म्हणजे काय करावें? एक गट पांढरें वस्त्र धर्माचें म्हणतो, दुसरा पिवळें. अडचण खरी आहे. तथापि ती १९५४ च्या टीपेची अडचण आहे, कलमाची नाहीं. कलम समाजास विचारतच नाहीं. तें व्यक्तीस विचारतें. पांढरें नेसणारा आणि पिवळें नेसणारा हे दोघेहि त्यांत मावतात.

मग कोणीहि उठून कांहींहि धर्म म्हणून पुढें करील, ही दुसरी भीति. तिला उत्तर दोन निकालांत मिळतें. मुल्कीच्या गौड सारस्वतांच्या वेंकटरमण देवालयाच्या १९५८ च्या खटल्यांत न्या. वेंकटराम अय्यर यांनीं स्पष्ट मान्य केलें कीं, देवालय संप्रदायाचें आहे आणि आंत कोणास घ्यावें ही धर्माचीच बाब आहे. तरीहि देवस्थानें खुलीं करण्याविषयींचें पोटकलम त्यावर चालतें, म्हणून दार सर्वांस उघडलें. कांहीं विशिष्ट विधींच्या वेळीं संप्रदायास आपले लोक तेवढेच ठेवण्याची सवलत राहिली. याच्याशीं १९६६ चा स्वामिनारायण मंदिराचा निकाल ताडून पाहावा. तेथेंहि हरिजनांस दार उघडलें आणि तें न्याय्यच झालें. परंतु त्यासाठीं लोकमान्य टिळकांनीं केलेल्या हिंदुधर्माच्या व्याख्येपर्यंत जाऊन, सत्संगी लोकांस त्यांच्याच गुरूची शिकवण समजली नाहीं असें ऐकविण्यांत आलें. फळ एकच. पहिल्या रीतीनें हरलेला पक्ष कायद्यापुढें हरतो. दुसऱ्या रीतीनें तो आपल्या देवापुढेंहि खोटा पडतो.

दुसरा निकाल १९८६ चा, केरळांतील तीन शाळकरी मुलांचा. यहोवाचे साक्षीदार या पंथाचीं तीं मुलें राष्ट्रगीताच्या वेळीं आदरानें उभीं राहत, परंतु गात नसत. म्हणून त्यांस शाळेंतून काढलें होतें. न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनीं तें मत आपल्या बुद्धीस पटतें कीं नाहीं याची चौकशी केली नाहीं. श्रद्धा मनापासूनची आहे काय, आणि ती अडविण्यास कलमांतील मर्यादांपैकीं कांहीं आधार आहे काय, इतकेंच त्यांनीं पाहिलें. मुलें शाळेंत परत घ्यावीं असा निकाल झाला. हा मूळ पाठ होय.

शबरीमलाच्या २०१८ च्या निकालांत न्या. धनंजय चंद्रचूड यांनीं या कसोटीविषयीं शंका बोलून दाखविली, आणि न्या. इंदु मल्होत्रा यांनीं भिन्नमतांत वेगळ्या बाजूनें न्यायालयाच्या हस्तक्षेपास हरकत घेतली. दोघांचे निष्कर्ष उलट आहेत. प्रक्षेपाचा जाच मात्र दोघांसहि झालेला दिसतो. २०१९ मध्यें प्रश्न मोठ्या पीठाकडे गेले आणि २०२० मध्यें नऊ न्यायमूर्तींच्या पीठानें सात प्रश्न आंखले.

त्या सातांतील एक प्रश्न खास आमच्या प्रांतांतला आहे, म्हणून शेवटीं त्याचा उल्लेख करितों. कलम २५ च्या आरंभीं मूलभूत हक्कांच्या इतर तरतुदींची मर्यादा आहे. कलम २६ च्या आरंभीं ती नाहीं. व्यक्तीस बंधन आणि संप्रदायास मोकळीक असा हेतु होता, कीं ही नुसती गाळ आहे? मसुद्यांत हें कलम विसावें होतें आणि त्याच्या तोंडाशीं कसलीच मर्यादा नव्हती. सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य हे शब्द डिसेंबर १९४८ मध्यें सभेंत डॉ. आंबेडकरांच्या दुरुस्तीनें घातले गेले. जे शब्द विसरले होते ते घातले, त्यांबरोबर उरलेले घालावयाचे राहिले, असें आमचें अनुमान आहे. परंतु तें अनुमानच. घटनासमितीच्या सभासदांपैकीं कोणाच्या दप्तरांत विसाव्या कलमाच्या मसुद्याची हातानें दुरुस्त्या केलेली छापील प्रत कोणा संग्राहकाजवळ असेल, तर ती आम्हांस पाहावयास द्यावी. तींतील पहिल्या ओळीवर किती काट आहे आणि ती कोणाच्या शाईची आहे, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.